त्रिकोणाखालचा तारा

पहिला नकाशा मी नगरहून मांडीवर सपाट धरून आणला. गुंडाळी केली असती तर एसटीच्या गर्दीत चेपली असती. शेजारच्या बाईंनी विचारलं, एक्स-रे आहे का? मी हो म्हटलं. आकाशाचा फोटो आहे असं सांगितलं असतं तर राहुरी येईपर्यंत समजावत बसावं लागलं असतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला सावेडीत एका माणसाने गाळा भाड्याने घेऊन त्यात दोन-तीन कॉम्प्युटर मांडले होते आणि बाहेर इंटरनेटची पाटी लावली होती. आमच्या जिल्ह्यात आकाश बघणारी थोडी हौशी मंडळी होती, त्यांत एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी मला सांगितलं की परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींनी सबंध आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेऊन ठेवलेत आणि ते आता इंटरनेटवर कुणालाही बघायला मिळतात. हव्या त्या जागेचे आकडे टाकायचे, केवढा तुकडा पाहिजे ते लिहायचं आणि वाट बघायची. चित्र वरून खाली ओळ ओळ करत उतरायचं. मधेच फोनची लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. पण पूर्ण उतरलं की पुस्तकातल्या नकाशांत कधीच नसलेले बारीक बारीक तारे त्यात असायचे. कागदावर ते उलटे छापून यायचे, आकाश पांढरं आणि तारे काळे. धुतलेल्या चादरीवर मोहरी सांडावी तसे.

मी पुणतांब्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळीने कामाला होता. मुलगी दुसरीत होती. चौथे माझे वडील, त्यांना मी आबा म्हणायचे. मी एकुलती एक, त्यामुळे आई गेल्यावर आम्ही आबांच्याच घरी राहायला आलो होतो.

आबांना दिसत नव्हतं. सगळा जन्म पेरूच्या बागेत गेलेला माणूस. पन्नाशीच्या आसपास त्यांना बाजूचं दिसेनासं झालं. बांधावरून चालताना पाय चुकायचा, शेजारी येऊन उभा राहिलेला माणूस बोलल्याशिवाय कळायचा नाही. गावात सगळे म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की काढतात. आबा पिकायची वाट बघत राहिले. दुखत तर काहीच नव्हतं. शेवटी एका शिबिरात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि सांगितलं की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही. मी तेव्हा बी.एड. करत होते. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूत डोळ्यामागची नस वाळत जाते आणि वाळली ती वाळली, हे मला त्या दिवशी कळलं.

हिवाळ्यात जेवणं लवकर उरकून मी गच्चीवर दुर्बीण लावायचे. तिचा आरसा आम्ही दोघांनी पुण्याच्या एका शिबिरात हाताने काच घासून केला होता. नवऱ्याची हौस आरसा तयार होईपर्यंतच टिकली, माझी पुढे वाढत गेली. आबा कठडा चाचपत वर यायचे, पोत्यावर बसायचे आणि मधूनमधून विचारायचे, काय घावलं? मी सांगायचे. कृत्तिका सांगितल्या की त्यांना आठवायच्या. लहानपणी राखणीला असताना बघितलेल्या, म्हणायचे.

त्या वर्षी मी सारथी तारकासमूहातला एक तारकागुच्छ बघायला घेतला होता. नगरहून त्याचा नकाशा छापून आणायचा, डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावायचा, दुर्बिणीतून एकेक तारा शोधायचा आणि सापडला की नकाशावर पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल करायचा. पुसट तारा सरळ बघून दिसत नाही. नजर थोडी बाजूला ठेवायची, म्हणजे डोळ्याच्या कडेला तो हळूच उमटतो. मला ते छान जमायचं. नेहमी उजव्या डोळ्याने बघायची सवय होती आणि नजरही नेहमी उजवीकडेच सरकवायची.

गुच्छाच्या एका बाजूला तीन ताऱ्यांचा त्रिकोण होता आणि त्याच्या खाली एक पुसट तारा. नकाशावर स्पष्ट होता. मला मात्र तो दिसेना. त्याच्याहून बारीक तारे दिसत होते, हा नाही. पुढच्या स्वच्छ संध्याकाळी बघितलं, तरी नाही. मला आनंदच झाला. नकाशातले फोटो जुने होते, मधल्या काळात हा तारा मंदावला असेल आणि ते पहिल्यांदा मलाच कळलं असेल तर? नगरला त्या इंजिनिअरांना फोन केला. ते म्हणाले, घाई करू नका, आणखी काही दिवस बघा, दुसऱ्या जागेचाही नकाशा आणून ताडून बघा.

दुसरा नकाशा मिथुन राशीतला आणला. त्यातही एक तारा हरवला. मग त्याच्याच शेजारचा आणखी एक. तिसऱ्या नकाशातही तेच झालं आणि तिथे माझा हात पेन्सिलीसकट थांबला. आकाशात इतक्या ठिकाणी एकदम तारे मंदावत नाहीत. आणि हरवलेले सगळे तारे, मी नजर उजवीकडे सरकवली की डोळ्याच्या ज्या कडेला उमटायला हवेत, तिथेच हरवत होते.

मी टॉर्च विझवला. आबा मागे पोत्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, काय घावलं? मी म्हटलं, काही नाही आबा, आज हवा बरी नाही.

नवरा त्या वेळी पाळीवरून आला होता आणि खाली हातपाय धूत होता. मी त्याला वर बोलावलं. अहो, जरा बघा, असं मी सहज सांगावं तसं म्हटलं आणि त्रिकोण दाखवला. त्याने वाकून बघितलं, नजर कशी बाजूला ठेवायची ते माझ्याकडून विचारून घेतलं आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आहे की. त्रिकोणाच्या खाली, बारीकसा. हाच ना?"

मी हो म्हटलं. तो खाली गेल्यावर मी उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. तारा जागेवर होता.

रात्रभर मी स्वतःची समजूत घालत होते. दहावीला मी डोळ्याचा धडा शिकवायचे. प्रत्येक माणसाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, नस जिथून बाहेर पडते तिथे दिसत नाही, हे दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगायचे. तोच असेल, मी म्हटलं. पण तो ठिपका कानाच्या बाजूला असतो, आणि माझे तारे नाकाच्या बाजूला हरवत होते. हेही मीच शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. डावा डोळा झाकला आणि उजव्याने मधल्या मोठ्या ठिपक्याकडे टक लावून बघत राहिले. डावीकडे वरच्या बाजूला, नाकाच्या अंगाला, कागद कोरा झाला. तिथे काळं काही आलं नाही, भोकही पडलं नाही. ठिपके नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी नुसता स्वच्छ पांढरा कागद दिसत राहिला. मला सगळ्यात जास्त भीती त्या स्वच्छपणाची वाटली. नाही दिसत हेही डोळा कळू देत नव्हता. किती महिने, कदाचित किती वर्षं असं चाललं असेल, याचा काही पत्ताच नव्हता.

त्यानंतर मी गच्चीवर जायचं बंद केलं. पण नकाशा काही सुटेना. भाजी चिरता चिरता उठायचे, डोळा झाकायचे, बघायचे. कोरा भाग कालच्याएवढाच आहे की वाढलाय, याची खात्री करायची आणि खात्री कधीच व्हायची नाही. शाळेत जाताना एक डोळा मिटून विजेचे खांब बघायचे. वर्गात मुलं वाचत असताना फळ्याच्या कोपऱ्याकडे बघायचे. सकाळी जाग आली की डोळे उघडायलाच नको वाटायचं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होणार होतं. आणि आबांना कसं सांगणार? त्यांच्या डोळ्यांतलं माझ्या डोळ्यांत आलंय, हे त्यांना ऐकवायची माझी हिंमत नव्हती. मुलगी अभ्यास करताना वहीवर फार वाकली तरी मी तिच्यावर ओरडायचे आणि मग तिला जवळ घेऊन तिच्या डोळ्यांकडेच बघत राहायचे.

डॉक्टरकडे का गेले नाही, असं कुणीही विचारेल. मीही आता स्वतःला विचारते. मला वाटतं, आबांच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं होतं आणि तेच वाक्य पुन्हा ऐकायला मी तयार नव्हते.

एका संध्याकाळी मुलीला झोपवून मी ओसरीवर भांडी पुसत होते. आबा खाटेवर बसले होते.

"आज वर न्हाई जायाचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ढग आलेत.

"ढग न्हाईत," आबा म्हणाले. "गारठा हाय. ढग असल्यावर असा गारठा पडत न्हाई."

मी ताट पुसत राहिले. मग आबा म्हणाले, "पोरगी सांगत हुती. आई एक डोळा झाकून कागदाकडं बघत बसती म्हनून. कंचा डोळा?"

माझ्या हातातलं ताट खाली ठेवायला मला वेळ लागला. उजवा, मी सांगितलं. दुखतो का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.

"माजाबी दुखला न्हाई," ते म्हणाले. त्यांचे हात मांडीवर तसेच होते, पण बोटं धोतराचा काठ चुरगळत होती. "मी पिकायची वाट बघितली. तू न्हाई बघायची. उद्याच्याला नगरला जायाचं. मी येनार."

नवऱ्याला मी त्या रात्री सांगितलं. तो अंथरुणात उठून बसला. सकाळी त्याला पाळी होती. निघताना त्याने मुलीला शेजारी सोडायचं कबूल केलं आणि दारातून परत येऊन माझ्याकडे बघून, दिसतंय ना, असं विचारलं. पुढे किती तरी दिवस तो असंच विचारत राहिला.

मी आणि आबा पॅसेंजरने नगरला गेलो. आबांनी माझा दंड धरला होता, नेहमीसारखाच, पण त्या दिवशी मला सारखं वाटत होतं की आणखी काही वर्षांनी मी कुणाचा धरीन. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे होते. घरात कुणाला काचबिंदू आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, मला हाय. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बधिर करणारे थेंब टाकले, निळ्या उजेडाची कांडी अगदी बुबुळाला टेकवून डोळ्यातला दाब मोजला, आणि कागदावर लिहिलं. मग दुसऱ्या खोलीत पाठवलं.

तिथे एक मोठं पांढरं अर्धगोल भांडं होतं. त्यात हनुवटी टेकवून मधल्या एका दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे बारीकसा उजेड दिसला की हातातलं बटन दाबायचं. मदतनीस बाईंनी माझा डावा डोळा झाकला, खोलीतला दिवा घालवला आणि यंत्र सुरू केलं. उजेडाचे ठिपके येत होते, काही ठळक, काही इतके पुसट की दिसला म्हणावं की भास म्हणावं कळेना. मी बटन दाबत होते. मग एकदम काहीच येईना. यंत्राचा आवाज चालू होता, खट, खट, म्हणजे ते काहीतरी दाखवत होतं. मला पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. न दिसताच बटन दाबावं असं वाटलं, दोनदा दाबलंही. बाई शांतपणे म्हणाल्या, ताई, दिसेल तेव्हाच दाबा. मी डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ दिलं, पुसायला हनुवटी उचलता येत नव्हती.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. दाब वाढलेला होता. उजव्या डोळ्याच्या नजरेचा वरचा, नाकाकडचा तुकडा गेला होता. डाव्यात सुरुवात म्हणावी इतपतच होतं. गेलेलं परत येत नाही, ते म्हणाले, पण रोज थेंब घातले तर उरलेलं राखता येतं, बहुतेकांचं राहतं. इतका लहान तुकडा माझ्या लक्षात कसा आला, याचं त्यांना नवल वाटलं. मी पिशवीतून नकाशा काढून दाखवला, दुर्बिणीचं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, एका डोळ्यावर हात ठेवून स्वतःही त्या मधल्या ठिपक्याकडे बघितलं आणि परत दिला. बहुतेक लोक फार उशिरा येतात, एवढंच म्हणाले.

मी डॉक्टरांना खुणेने सांगायचा प्रयत्न करत होते की आबांसमोर पुढचं बोलू नका. पण विचारलं आबांनीच.

"हे माज्याकडनं आलं का?"

डॉक्टर आबांकडे वळले. "घराण्यात असतं हे, बाबा," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले होते. वारा तोंडावर घेत, मान वळवलेली. मी थेंबांची बाटली रुमालात गुंडाळून मुठीत धरली होती. ती फुटेल, हरवेल, कुणी ओढून नेईल असं काहीही मनात येत होतं. राहुरी गेल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"वावर तुज्या नावावर करायचं राहिलं," ते म्हणाले. "आन हे बरं आधी पोचलं."

मी म्हटलं, आबा, थेंब घातले की थांबतं. आहे तेवढं राहतं.

राहील का, असं त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऊस, मधे एखादी विहीर, पुन्हा ऊस. सगळं दिसत होतं आणि त्यातलं काय दिसत नव्हतं ते मला सांगता येत नव्हतं.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर नवरा जिन्यात बसून प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढत होता. पायरी संपते कुठे ते कळावं म्हणून. मी त्याच्यावर खेकसले. मी अजून आंधळी झालेली नाही, असं मोठ्याने म्हटलं आणि म्हटल्यावर आठवलं की आबा ओसरीवर आहेत. नवऱ्याने वर बघितलं आणि उरलेल्या पायऱ्या पूर्ण केल्या. रात्री मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, मला दुसरं काय करता येतं तेच कळत नाही.

मुलीचे डोळे तपासून आणले. ते चांगले होते. पण तिलाही मोठेपणी लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून माझी भीती दोन माणसांची झाली.

थेंब जळजळायचे. एखादा गालावर ओघळला की डोळ्यात गेला की नाही या शंकेने मी दुसरा घालायचे, मग जास्त झाला म्हणून घाबरायचे. आबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. त्यांना बाटली धरता येत नव्हती, पण वेळ त्यांच्या कानात होती. सकाळी रेडिओवरच्या बातम्या संपल्या की हाक मारायचे, संध्याकाळच्या संपल्या की पुन्हा. मी पाहुण्यांत असो की चुलीपाशी, थेंब घातला म्हणून सांगेपर्यंत हाका थांबत नसत.

पुढची तपासणी उन्हाळ्यात होती. मधल्या महिन्यांत मी दुर्बीण पुन्हा काढली, डाव्या डोळ्याने बघायला शिकले. आधी जमेना, नजर जुन्याच बाजूला जायची. नगरहून नवे नकाशे आणणं मात्र बंद केलं होतं, कारण नकाशा हातात आला की मी आकाशाऐवजी डोळा तपासत बसायचे.

तपासणीच्या दिवशी मी एकटीच गेले. आबांना सांगितलं, ऊन फार आहे, तुम्ही घरीच थांबा. खरं म्हणजे वाईट काही निघालं तर ते त्यांच्यासमोर ऐकायला नको होतं. त्या भांड्यात हनुवटी ठेवली तेव्हा पुन्हा तोच खट खट आवाज, तेच काही न येणं. या वेळी मी खोटं बटन दाबलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते. मग ते म्हणाले की वाढलेलं नाही. दाबही खाली आलाय. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुढच्या वेळी काय असेल, असं मी विचारल्यावर मात्र ते म्हणाले, पुढच्या वेळी बघू.

गाडी उशिरा आली. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा दारातच उभे होते, चौकट धरून. माझी पावलं ओळखून त्यांनी मान वर केली, पण विचारलं काहीच नाही.

मी सांगितलं, वाढलं नाही, आबा.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. ते चौकट सोडून हळूहळू खाटेपर्यंत गेले आणि बसले. आतून मुलगी पळत आली आणि माझ्या पिशवीला लोंबकळत म्हणाली, आजोबांनी सकाळपासून काहीच खाल्लं नाही, चहापण नाही, मी दोनदा नेऊन दिला होता. मी आबांकडे बघितलं. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

मी चप्पल काढली, हात धुतले आणि तवा ठेवला. पहिली भाकरी भाजून होईपर्यंत आबा येऊन पाटावर बसले होते आणि समोरची जमीन तळहाताने चाचपून ताट कुठे आहे ते बघत होते.